तेवढा प्रसंग वगळून

सोलापुरातल्या बायकांना सगळ्यात जास्त कुणी रडवलं असेल, तर ते माझ्या शेजारच्या सिनेमा ऑपरेटरनं. रडका सिनेमा लागला की मशीनवर हाच हवा, असा टॉकीजच्या मालकाचाही हट्ट असे. त्याचं सगळं आयुष्य रिळांत मोजलेलं. भात शिजायला एक रीळ, स्टेशनपर्यंत चालत जायला दोन. गल्लीत नवराबायकोचं भांडण जुंपलं की हा ओट्यावर बसून सांगे, "घाबरू नका, शेवटच्या रिळात समदं गोड हुतंय." तोंडाला दारूचा भपकारा आला, की तो फिल्म चिकटवायच्या औषधाचा वास आहे म्हणून ठासून सांगायचा. त्या औषधानं माणूस भिंत धरून चालतो, हे आम्हाला त्याच्यामुळेच कळलं.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र काही गोड झालं नाही. एकदा त्यानं बायकोवर हात उचलला आणि ती अक्कलकोटला माहेरी निघून गेली. त्याच सुमारास टॉकीजला एका दारुड्याचा सिनेमा लागला. नायक पितो, बायकोला मारतो, ती घर सोडते. शेवटी तो सुधारतो आणि ती परत येते. आमचा ऑपरेटर पंधरा दिवस थेंबाला शिवला नाही. मग मला म्हणाला, "वैनीस्नी सांगून तिला तेवढा पिक्चर दाखवा की. शेवट बघितला तर यील ती."

माझ्या बायकोच्या आग्रहाखातर ती आली, आमच्या शेजारीच बसली. पडद्यावरची बायको ट्रंक उचलून निघाली आणि मी चमकलो. मारण्याचा प्रसंग आलाच नव्हता. ह्या शहाण्यानं नेमकी तेवढी फिल्म कापून टाकली होती! मागच्या रांगेतल्या बायका भडकल्या. "काय बाई तरी! चांगल्या नवऱ्याला टाकून चाललीया. लई माज आलाय."

ऑपरेटरची बायको हळूच म्हणाली, "भावजी, त्यानं मारलं न्हाय व्हय तिला?"

मला खोटं बोलवेना. "मारलं होतं."

तिनं वळून वर केबिनच्या झरोक्याकडं पाहिलं. "मग ते दाखवायचं की," म्हणाली, आणि शेवटाची वाट न बघता उठून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो तुकडा परत जोडला. शेवट पाहून ती नांदायला आली असती, असं मला वाटत नाही. त्याला मात्र मरेपर्यंत तसं वाटत राहिलं. फार वाईट वाटायचं त्याच्याकडं बघून. सिनेमा होता तोवर रोज त्या प्रसंगाला खालच्या बायका नायकाला शिव्याशाप देत, आणि हा वर झरोक्याशी उभा राहून सगळं मुकाट ऐकून घेई. जिनं ते ऐकायला हवं होतं, ती अक्कलकोटहून पुन्हा आली नाही.