बांबूचा ब्रश

चाकणहून सुटणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. नाव कधी विचारलं नाही. हात मांडीवर, पण बोटं सारखी हलायची, जणू लसूण सोलतेय.

एकदा माझ्या पिशवीतला बांबूचा टूथब्रश तिला दिसला. खोक्यावर ‘प्लास्टिकमुक्त’ छापलेलं, म्हणून मी दुप्पट पैसे देऊन ऐटीत घेतलेला.

ती हसली. “हे आमीच भरतो, ताई. आमच्या कंपनीत माल येतो तवा एकेक ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवी काढायची, ब्रश ह्या खोक्यात घालायचा. दिवसभर त्येच.”

मी हबकलेच. “आणि त्या पिशव्या?”

“शेडमागं पेटवतो,” म्हणत ती पदरात खोकली.

आमच्या सीटवरचा रोजचा जळका वास मी इंजिनाचा समजत होते. तो तिच्या साडीला होता.