दुखऱ्या पायावरची उडी

अमेरिकेत फ्रिस्कोला फिजिओथेरपीच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी गुडघ्यावर बर्फ ठेवून बसायचो. तो युक्रेनहून आलेला व्यावसायिक फुटबॉलपटू. त्याचा गुडघा मॅचमध्ये दुखावला होता, माझा गणेशोत्सवातल्या संगीत खुर्चीत. त्याला त्या पायावर उडी जमली नाही, तर क्लब करार वाढवणार नव्हता, आणि कराराशिवाय व्हिसा नाही. त्या दिवशी त्याने उडी मारली आणि कळवळून खालीच बसला.

मला राहवेना. म्हटलं, “जाऊ दे यार, कॉम्प्युटरचा कोर्स कर. आमच्या मेहुण्यालासुद्धा नोकरी लागली.”

“आईसुद्धा फोनवर हेच सांगते,” तो शांतपणे म्हणाला. “तिनेही मला खेळताना पाहिलेलं नाही.”

मग भिंतीला धरून उठला आणि पुन्हा त्याच पायावर उभा राहिला.