आरतीच्या वेळची वायर

गेल्या वर्षीची गणेशचतुर्थी, संध्याकाळ. खर्च एकशे ऐंशी रुपये, एका वायरीचा. हजर: पुण्याहून आलेले दादा-वहिनी, माझी बायको, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि मी.

बदली होऊन बंगालमध्ये, बेहाला भागात आलो तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. तिच्या मराठीला बंगाली वळण आहे. आमच्याकडे आरती एकानं सांगायची आणि तबकात पडतील ते पैसे त्यानं घ्यायचे, ही वडिलांपासूनची पद्धत. या वेळी आरती मी सांगणार, असं तिनं आधीच जाहीर केलं होतं. माझ्या जुन्या म्युझिक प्लेअरमध्ये आरत्या भरलेल्या होत्या. शाळेच्या बसमध्ये त्या ऐकून तिनं सगळ्या पाठ केल्या.

दुपारी ती गुणगुणत होती तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या, "अगं, आरती चाललीय की दुर्गापूजा?" चेष्टाच होती. लागली मला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वायर आणली. एका टोकाची पिन प्लेअरला हेडफोनच्या जागी, दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या दोन पिना म्युझिक सिस्टीमच्या मागे. मुलीला सांगितलं, साथीपुरतं हळू लावतो.

तिनं सुरुवात केली. 'देव'चा 'देब' झाला, दादानं वहिनींकडे पाहिलं आणि मी सिस्टीमचं बटण फिरवलं. प्लेअरचा आवाज आधीच पूर्ण वाढवलेला होता. खोलीत दुसरं काही ऐकू येईना. तो कमी करणं माझ्या हातात होतं. मी केला नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिचे ओठ हलत होते. मग ती नुसत्या टाळ्या वाजवत राहिली.

दादानं तबकात एकशे एक ठेवले. मी तबक तिच्यापुढे धरलं.

"मशीनला दे, बाबा," ती म्हणाली. "म्हटली त्यानं."

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेच्या आधी मी वायर काढून ठेवली. आज मशीन नाही का, असं दादानं विचारलं. वायर खराब निघाली, मी म्हणालो.

"वायर चांगली आहे," मुलगी म्हणाली.

मीच आरती सुरू केली आणि तिसऱ्या कडव्याला अडलो. पुढची ओळ तिनं मागून सांगितली, तिच्या उच्चारात. घाईत मीही ती तशीच म्हटली.

त्या दिवशी एक्कावन्न पडले. दोन्ही दिवसांचे मिळून एकशे बावन्न मी तिच्यापुढे धरले. तिनं एक रुपयाचं नाणं उचललं.

"एकाच ओळीचा," म्हणाली.

शेवटी दिला तो एवढाच: मुलीला, एक रुपया.