मंदाताईंचा हिवाळा

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नारायणगावच्या स्टँडवर मी शाळेत शिकवायला जायला जीपची वाट बघत उभी होते आणि मंदाताईंच्या यजमानांचा, वसंतरावांचा, फोन आला. "मंदा गेली... सकाळी उठलीच नाही." रस्त्यावर टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, म्हणून मी वेड्यासारखं त्यांना पुन्हा विचारलं, "काय म्हणालात?" त्यांनी शांतपणे तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. आदल्याच रात्री त्या भाकरी-पिठलं खाऊन, स्वेटर उन्हाला टाकायची आठवण नवऱ्याला करून देऊन झोपल्या होत्या. झोपेतच सारं आटोपलं. असं मरण मागूनही मिळत नाही, हे आता, इतक्या दिवसांनी, म्हणता येतं.

मंदाताई तळेघरच्या बाजूला सरकारी नर्स होत्या. तिकडे एसटी कमी, पाऊलवाटा जास्त. लसींचा डबा खांद्याला अडकवून त्या वाड्या-वस्त्या पालथ्या घालायच्या, आणि त्या चालण्यातच त्यांना जंगल दिसायला लागलं. रिटायर झाल्यावर बायका तीर्थयात्रेला निघतात, ह्यांनी एक जुना कॅमेरा आणि लांब लेन्स घेतली. "तीस वर्षं नुसतं बघत आले गं, आता जरा जपून ठेवते," म्हणाल्या. उन्हाळा-पावसाळा त्या नारायणगावात घरी असायच्या. कार्तिक लागला की मात्र पाय घरात ठरत नसत. भात कापून झालेली खाचरं, त्यांवर साचलेलं धुकं, दवानं पांढरं झालेलं गवत, आणि कड्यांवरची गिधाडं. गिधाडं थंडीतच घरटी करतात, हे मला भूगोल शिकवत असूनही त्यांच्याकडूनच कळलं. शनिवार-रविवारी मी सोबत जायची. माझं काम थर्मास सांभाळणं आणि गप्प बसणं. दुसरं मला फारसं जमलं नाही.

एका हिवाळ्यात, मला शाळेला जोडून सुट्टी होती तेव्हा, एका वस्तीवरच्या कौसाबाईंकडे आम्ही चहाला थांबलो होतो. त्यांच्या तिन्ही पोरांचा जन्म मंदाताईंच्या हातून झालेला. बोलता बोलता कौसाबाई म्हणाल्या, "मागचा हिरडा पाडायचाय बाई. थोरल्याच्या नव्या घराला लाकूड पायजे." मंदाताई हातातला कप घेऊनच मागं गेल्या. हिरड्याच्या शेंड्याला काटक्या-पानांचा मोठा गोळा होता. शेकरूचं घरटं. झाड कौसाबाईंचं, घरही त्यांनाच बांधायचं होतं, त्यामुळे मंदाताई पाडू नका म्हणाल्या नाहीत. एवढंच बोलल्या, "चार दिवस द्याल का मला?"

"घ्या की बाई. तुमी मागितल्यावर न्हाई कशी म्हनू?"

चारही सकाळी त्या गोठ्याच्या कुडाआड घोंगडी गुंडाळून बसल्या. बोटं इतकी गारठायची की बटण दाबलंय की नाही, ते आवाजावरून कळायचं. तीन दिवस नुसतीच शेपटी दिसली. मी कंटाळून, "ताई, निघू या का?" म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी उन्हं वर येता येता शेकरू बाहेर आली. तोंडात पिल्लू. पिल्लाला मानेजवळ धरून ती फांदीच्या टोकापर्यंत गेली, थबकली, आणि पलीकडच्या जांभळावरच्या दुसऱ्या घरट्याकडे झेपावली. मग पुन्हा परत आली... दुसरं पिल्लू न्यायला.

मंदाताईंनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून कौसाबाईंना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहिला. "आगं माझे बाय... आमी कुऱ्हाडी पाजळतोय म्हून हलवती व्हय लेकरं?" ते तसंच होतं की घरट्यात पिसवा झाल्या होत्या, कोण जाणे. संध्याकाळी थोरला लेक कुरकुरला, "आये, मंग वासं कशाचं करू?" कौसाबाई म्हणाल्या, "बाभळीचं कर. माझ्या टायमाला बाई चिखलातनं चालत आल्या व्हत्या, तवा त्यांनी इचारलं न्हाई कशाला येऊ म्हून." हिरडा राहिला.

तो फोटो पुण्यातल्या एका प्रदर्शनात लागला. खाली मंदाताईंनी लिहून दिलं होतं, 'आई. आंबेगाव तालुका.' एवढंच. मग हौशी फोटोग्राफरांचे फोनावर फोन. लोकेशन पाठवा, आम्ही दहाजण येतोय, ड्रोनपण आहे. प्रत्येकाला त्या गोड आवाजात सांगायच्या, "अहो, वय झालं, रस्ताच आठवत नाही बघा." त्या भागातल्या प्रत्येक घराची, प्रत्येक कुत्र्याची नावं पाठ असलेली बाई ही! फोन ठेवून पदर तोंडाला लावून हसायच्या.

गेल्या आठवड्यात वसंतरावांनी मला घरी बोलावलं. कॉम्प्युटरवरचे फोटो मंदाताईंनी कसे लावलेत ते त्यांना उमगत नव्हतं. मीही 'शेकरू', 'गिधाड' शोधत राहिले. एक फोल्डर सापडेल तर शपथ. मग वाचत गेले... 'कौसाबाईंचा हिरडा'. 'सखारामभाऊंचं खाचर'. 'जिथं पारूच्या मुलीला पहिला डोस दिला तो कडा'. सगळं जंगल त्यांनी माणसांच्या नावानं लावून ठेवलं होतं. अगदी शेवटचं फोल्डर मात्र रिकामं होतं. 'खोडद, धुकं, यंदा ह्यांच्याबरोबर.'

वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. इतक्या हिवाळ्यांत ते थंडीचं निमित्त सांगून एकदाही त्यांच्यासोबत गेले नव्हते.

रविवारी आम्ही खोडदला गेलो. कांद्याच्या बांधावर उभं राहिलो तेव्हा तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या धुक्यात अर्ध्या बुडाल्या होत्या. वसंतरावांनी कानटोपी मागं सरकवली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि श्वास रोखून बटण दाबलं. फोटो हलला आहे, डाव्या कोपऱ्यात त्यांचं बोटही आलं आहे.

"बरा आलाय का?" त्यांनी विचारलं.

"लई बरा," मी म्हणाले. त्या फोल्डरमध्ये आता एक फोटो आहे.