कमलताईंची निळी पट्टी

कमलताई आज सकाळी गेल्या. हार्ट अटॅक.

त्यांची नोकरी मी घालवली होती. हे इथे फारसं कोणाला माहीत नाही.

वाडीजवळच्या एका चिप्स फॅक्टरीत मी क्वालिटीला आहे. ताई बटाट्यांच्या लाइनवर होत्या, ठेकेदाराकडून. हातात छोटी सुरी, दिवसभर बटाट्याचे काळे डाग काढायचे.

सुरी म्हटली की बोट कापतंच. मग जखमेवर निळी पट्टी लावायची. निळीच, कारण चिप्समध्ये निळं काही नसतं, पडली तर लगेच दिसते.

पट्टी हरवली तर ताबडतोब सांगायचं. हे ट्रेनिंग मीच देते. "घाबरू नका, कोणी रागावणार नाही," असंही म्हणते. मोठ्या तोंडाने.

गेल्या वर्षी ताई धावत आल्या.

"मॅडम, माह्या बोटाची पट्टी गेली. लाइन बंद करा."

शेजारची शोभा कुजबुजली, "काहून सांगतलं वं? कोणं पाह्यलं होतं?"

"लेकरं खातात ते," ताई म्हणाल्या.

अख्खा दिवस माल अडकला. पट्टी शेवटी ताईंनाच सापडली, बेल्टखाली. मालात गेलीच नव्हती. मी तर खूश झाले. येडी कुठली!

रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, 'जबाबदार व्यक्ती'. त्यात मी त्यांचं नाव लिहिलं. चांगलं अक्षर काढून.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्यांना गेटवरूनच परत पाठवलं.

मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, ऑर्डर लेट झाली. कोणाला तरी काढावंच लागतं."

मी परत लाइनवर गेले. मला माझी नोकरी हवी होती.

त्यानंतर आमच्याकडे एकही पट्टी हरवली नाही. ऑडिटवाले खूश. मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली, आणि ती मी घेतली.

आज ताईंच्या खोलीवर लाइनवरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. शोभाने माझा हात धरला. तिच्या बोटावर उघडी जखम होती.

"पट्टी का नाही लावली गं?"

"लावली का हरवते मॅडम. हरवली का सांगा लागते. आता आमी कोणीच लावत नाही."

मी बाकीच्यांची बोटं पाहिली. मग मला तिथे बसवेना.

उद्या नव्या बायकांचं ट्रेनिंग आहे. मी पुन्हा तेच सांगणार. दुसरं काही सांगायची माझी हिंमत नाही.

ताई, श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही. माफी मागायला वर्षभरात एकदाही तुमच्या दारात आले नाही. आज आले.

नमस्कार करते.