उघड्या डोक्यानं पळत आलेला जावई

आमच्या चिंचवडच्या सोसायटीमागच्या टेकडीवर सकाळी माणसं पळतात. पायात भारी बूट, कानात बोंडं, आणि तोंडं अशी की मागं पोलीस लागलेत. बायको गेल्यापासून मला काम नाही, म्हणून बाकावर बसून बघत असतो. परवा एकानं पळता पळता विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी पळलात का?" मी सांगायला तोंड उघडलं तोवर तो वळणापलीकडं. म्हणून लिहितो. चौथी शिकलोय, जमेल तसं वाचा.

मी पळलो तो बायको परत आणायला.

तेव्हा पिंपरीला कारखाने नुकते उभे राहायला लागले होते. आमचं गाव तळेगावच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. सासुरवाडी डोंगरापलीकडं, चाकणच्या अंगाला. मधे एक खिंड. लग्नानंतर बायको सहा महिने नांदली आणि पंचमीला माहेरी गेली, ती सासऱ्यानं ठेवूनच घेतली. मला म्हणाला, "पाव्हणं, आधी कुठंतर चिकटा. रिकामटेकड्याच्या घरी पोरगी न्हाई धाडायचो." खोटं नव्हतं. दीड एकर भाताचं खाचर, त्यात बाप आणि दोन भाऊ. मी फक्त जेवायला. वर माझी आई. सुनेला उठता-बसता बोलणं हा तिचा जोडधंदा होता.

गावात एक पेन्शनर शिपाई होता. तो म्हणाला, "फौजेत जा. भरतीला मैलभर पळता आलं म्हंजे झालं." मी लागलो पळायला.

पहिली वाट नदीकाठची. सपाट, गार वाळू, पण पहाटे अर्धा गाव टमरेल घेऊन तिथंच बसलेला. मी दिसलो की एकेक जण धोतर सावरत उभा राहायचा आणि ओरडायचा, "कोण गेलं रं?" कारण त्या काळी मोठा माणूस पळताना दिसला म्हणजे तो मयताचा निरोप घेऊन चाललाय, दुसरं काही नाही. आता फोन आहेत. आमची ही गेल्या भादव्यात गेली, तर धाकट्या पोरानं खुर्चीत बसून अर्ध्या तासात सगळ्यांना कळवलं. मी त्याच्याकडं बघत होतो. वाटलं, निदान एकानं तरी पळायला पाहिजे होतं. असो.

दुसरी वाट स्टेशनाकडं जाणारी, बैलगाड्यांची. तिथंही गाडीवान बैल थांबवून विचारायचे, "कोण गेलं?" चौथ्या दिवशी मी सांगितलं, "तुझी सासू." तो गाडी टाकून मागं लागला. ती वाट बंद झाली.

राहिली खिंड. चढ असा की गुडघा छातीला लागतो, आणि उतरताना दगड आपल्या आधी खाली पोचतात. माणूस मात्र भेटत नाही. खिंड उतरली की ओढा, ओढ्यापलीकडं सासुरवाडीची शीव. मी रोज ओढ्यापर्यंत जायचो आणि माघारी फिरायचो. ती वाट चढामुळं निवडली असं मी सगळ्यांना सांगत होतो. ओढा ओलांडायची छाती मात्र नव्हती. सासरा तालमीतला, मिशा म्हशीच्या शिंगांसारख्या.

पौषातली गोष्ट. ओढ्याजवळ एका धनगरानं मेंढरं बसवली होती. त्याचा कुत्रा माझ्या पोटरीवर डोळा ठेवून आला. मी माघारी फिरायच्या ऐवजी पुढंच पळालो. ओढा ओलांडला, शीव ओलांडली. टोपी कुठं पडली कळलं नाही. पोचलो तो थेट सासऱ्याच्या अंगणात.

जावई, सकाळच्या पारी, पळत, आणि डोकं उघडं. मयताच्या घरचा माणूसच उघड्या डोक्यानं येतो. सासू अंगण सारवत होती. तिच्या हातातला शेणाचा बोळा खाली पडला.

"जावईबापू! कोण गेलं?"

मला दम लागलेला, शब्द फुटेना. तेवढ्यात बायको ज्वारीच्या रानातून आली, हातात पाखरं हाकायची गोफण. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, गोफण टाकली आणि छाती बडवून घेतली.

"अगं माझ्या सासूबाई गं! मला टाकून कुठं गेलासा गं!"

झालं. सासू रडायला लागली, शेजारणी धावल्या. सासऱ्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. खरं सांगतो, तोवर माझा श्वास जाग्यावर आला होता. बोलता येत होतं. मी बोललो नाही. कारण सासू मेली म्हटल्यावर सुनेला माहेरात कुणी अडवू शकत नाही, तिचा बाप सुद्धा.

सासरा म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. मी माणसं जमवून मागनं येतो."

खिंड चढताना सासू आणि शेजारणी मागं, आम्ही दोघं पुढं. माझी आता पाचावर धारण बसली होती. हळूच म्हणालो, "अगं, आई जिती हाय."

"ठावं हाय."

"आँ?"

"म्हैना झाला रानातल्या माळ्यावरनं बघत्येय. वड्यापस्तोर येता आन् माघारी जाता. माझ्या बापाचं एवढं भ्या? आन् पळता तरी कसं, म्हशीवानी."

"मग वरडलीस कशाला?"

"तुमी काय त्वांड उघडणार व्हता? माझं त्वांड हाय ना." मागच्या बायका जवळ आल्या तशी तिनं पुन्हा गळा काढला.

घरी आई ओसरीवर वाल सोलत बसलेली. बायकांनी दारातून सूर लावला आणि तिला बघून एकदम बंद केला. एक म्हातारी भूत भूत करत गोठ्यात शिरली.

"कोण मेलं?" आई म्हणाली.

"तुमीच की," माझी सासू म्हणाली.

आईनं मला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. शिव्या संपल्यावर तिनं बारीक आवाजात विचारलं, "लई रडली का कोण?"

शेजारणी म्हणाल्या, "तुमची सूनच की! ऊर फुटंस्तोर. आमाला आवरंना."

आई सुनेकडं बघत राहिली. मग वालाचं सूप तिच्याकडं सरकवून म्हणाली, "बस. पाणी पी."

तासाभरानं सासरा दहा-बारा गडी घेऊन आला, काखेत कोरं कापड. विहीणबाई दारात उभ्या. माणूस काळानिळा झाला. मी गोठ्यात, त्या म्हातारीच्या शेजारी.

"चल गं," तो पोरीला म्हणाला. "ह्या थापाड्याच्या घरात न्हाई ठेवायची तुला."

ती चुलीपुढं बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पीठ मळलंय, दादा. एवढ्या भाकरी उतरवते."

"उतरव आन् चल."

तेव्हा आई मधे आली. "इवाईबुवा, माझ्या पोटच्या पोरीबी माझ्यापायी रडायच्या न्हाईत. ही रडली. हिला मी सोडायची न्हाई. तुमाला काय भांडायचं ते माझ्या पोराशी भांडा, त्यो गोठ्यात हाय."

सासऱ्यानं गोठ्याकडं बघितलं. मग पोरीकडं. ती भाकरी थापत होती, एक झाली की दुसरी. परातीतलं पीठ संपायला आलं की आई पुन्हा मूठ मूठ घालायची. गडी भुकेले होतेच, पंगत बसली. सासरा सगळ्यात शेवटी बसला. पाच भाकरी आणि वालाची आमटी खाल्ली, ढेकर दिला, कापड काखेत मारलं आणि पोरीला नुसतं म्हणाला, "संक्रांतीला येऊन जा."

ती म्हणाली, "बघू."