घड्याळवाल्या काकांचं वज्रासन

घड्याळवाल्या काकांना अख्खा बाजार ओळखायचा तो त्यांच्या स्थिर हातासाठी. तिळाहून लहान स्क्रू चिमट्यात धरून ते असा बसवायचे, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. पण वर्षभरापासून उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, गंभीर काही नाही, वय झालंय, ताण कमी करा. काकांनी काय केलं, तर किल्लीची घड्याळं घेणंच बंद केलं. "पार्ट मिळत नाहीत हो आता," असं गिऱ्हाइकाला सांगायचे आणि नुसते सेल बदलून द्यायचे. जन्मात खोटं न बोललेला माणूस दिवसातून चारदा खोटं बोलू लागला, आणि ते त्यांच्या जिवाला लागलं. महिनाअखेरपर्यंत बघायचं, नाहीतर दुकानाला कुलूप, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

काकू शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी रडारड केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी अंथरली आणि हुकूम सोडला, "वज्रासन. गुडघे दुमडा, टाचांवर बसा, पाठ ताठ."

"अगं, माझे गुडघे काय शाळेतल्या पोरांचे आहेत?"

"कुरकुर मात्र त्यांचीच आहे. बसा."

पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात काकांच्या नाकी नऊ आले. मग घोट्यांखाली चादरीची घडी आली, आणि हळूहळू पाच मिनिटं जमू लागली. चाळीस वर्षं टेबलावर वाकलेली पाठ जरा सरळ झाली. दुपारचं जेवण छातीशी अडायचं, तेही निमूट पचू लागलं. हात मात्र होता तसाच.

एका सकाळी काकूंनी सहज त्यांच्याकडे पाहिलं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद आणि मानेच्या शिरा टरारलेल्या.

"अहो, श्वास घ्या!"

काका धाप टाकत म्हणाले, "तूच म्हणालीस ना, अजिबात हलायचं नाही?"

काकूंची आधी हसून मुरकुंडी वळली. चिमटा उचलला की श्वास बंद, हे काकांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. फुंकरीनं बारीक भाग उडतात ना! स्थिर बसायचं म्हणजे श्वास कोंडायचा, एवढंच या माणसाला ठाऊक. मग हसता हसता काकूंच्या काळजात चर्र झालं. लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर, स्वतःची आई गेली तेव्हा तिच्या उशाशी, हे असेच बसले होते. ब्रही काढला नव्हता. आणि आपण मनातल्या मनात म्हणत होतो, किती कोरडा माणूस!

त्यांनी काकांच्या पोटावर तळहात ठेवला. "हलू दे पोट. हातही हलला तर हलू दे. आता सावकाश सोडा."

काकांनी श्वास सोडला. त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. ते पुसायला दोघांनीही घाई केली नाही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक नर्स तिचं किल्लीचं घड्याळ घेऊन आली. "पार्ट..." एवढं काका बोलले, थांबले आणि म्हणाले, "ठेवून जा."

ती गेल्यावर त्यांनी दुकानात जमिनीवरच पोतं अंथरलं, स्टुलावर घड्याळ उघडलं आणि टाचांवर बसले. सवयीनं श्वास रोखला, तर चिमटा जास्तच थरथरला. मग त्यांनी श्वास हळूच सोडला. श्वास पुरता बाहेर गेला की हात क्षणभर थांबत होता. फार नाही, एक आटा फिरवण्यापुरता. पुन्हा श्वास, पुन्हा एक आटा. एका मिनिटाच्या कामाला पाऊण तास लागला, पण स्क्रू पक्का बसला. घड्याळ चालू झालं.

काकांनी घरी फोन लावला. काकूंनी उचलला. पलीकडून त्यांना नुसता काकांचा श्वास ऐकू येत होता, आत जाणारा, बाहेर येणारा.

"कळलं हो मला," काकू म्हणाल्या. "या आता जेवायला."